सासूबाईंचा भोंग्याचा नेम

मी जन्माची झोपाळू. माहेरी, उल्हासनगरला, आमच्या खोलीच्या बरोब्बर खाली जीन्स शिवायचा कारखाना होता. अर्धी रात्र उलटेपर्यंत मशिनं घडघडायची आणि त्या घडघडीवर मी ढाराढूर झोपायचे. "हिला गादीसकट उचलून नेलं तरी हिला पत्ता लागायचा नाही," असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. ऐंशीचं दशक संपत आलेलं असताना माझं लग्न ठरलं, तेव्हा तिला माझ्या स्वयंपाकाची नाही, माझ्या झोपेचीच काळजी लागली होती.

तिची काळजी खरी ठरली. लग्न होऊन मी अंबरनाथला आले आणि पहिल्याच आठवड्यात एका रात्री कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरला. गार, खरखरीत बोटं. मी दचकून उठले, तर झिरोच्या बल्बच्या तांबड्या उजेडात सासूबाई पायथ्याशी उभ्या. हातात कंदील.

"चल गो, सोबत," एवढंच म्हणाल्या.

चाळीच्या संडासांची रांग अंगणाच्या पल्याड, चिंचेच्या झाडामागे होती. रात्री एकट्या बाईनं तिकडे जायचं नाही, हा चाळीचा अलिखित कायदा. प्रत्येक घरातल्या बाईची ठरलेली सोबत असायची. सासरे होते तोवर ते जायचे, ते गेल्यावर शेजारच्या काकू, आणि आता घरात हक्काची सून आली होती. घरात मोरी होती, नाही असं नाही. पण मोरीला लागून देव्हारा, आणि देव्हाऱ्यासमोर आमचं नवरा-बायकोचं अंथरूण. तिथं जाणं सासूबाईंच्या जिवावर यायचं. मेल्या असत्या, पण गेल्या नसत्या.

रात्रीतून एकदा उठावं लागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण सासूबाई तीन-तीनदा, थंडीत त्याहूनही जास्त उठायच्या. मधल्या वेळात त्यांना झोप अशी नसायचीच. कूस बदलायच्या, उसासे टाकायच्या, बांगड्या वाजायच्या. मी चिडायचे. तोंडानं नाही, कारण नव्या सुनेला तोंड नसतं. मी पायानं चिडायचे. मुद्दाम चपला फटाफट वाजवत चालायचे. सासूबाई फक्त कंदील माझ्या पायांपुढे धरायच्या.

मग पावसाळा संपला, आणि कधी ते सांगता येत नाही, पण त्या फेऱ्या मला आवडायला लागल्या. अर्धवट झोपेत चालण्याची एक निराळीच गुंगी असते. अंगण नेहमीपेक्षा मोठं दिसायचं. चिंचेखाली धुकं साचलेलं असायचं आणि त्यात कंदिलाचा उजेड विरघळून जायचा. लांब मलंगगडाची काळी रेघ, त्याच्या अलीकडे कारखान्यांचे दिवे. हवेत औषधी, गोडसर वास, जो दिवसा नकोसा वाटायचा आणि रात्री ओळखीचा. त्या फेऱ्यांमधलं किती खरं आणि किती माझ्या झोपेतलं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. एकदा मी त्या अंगणात एक पांढरी गाय पाहिली. सासूबाई म्हणाल्या, गाय नव्हतीच. पण मला ती अजून दिसते.

आणि सासूबाई बोलायच्या. दिवसा आमचं बोलणं मीठ-मिरचीपुरतं. रात्री परत येताना मात्र त्या चाळीच्या पायरीवर टेकायच्या, मीही टेकायचे, आणि त्यांचा आवाज निराळाच होऊन जायचा. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात त्यांचं माहेर. आई-वडील राहिले नव्हते, पण थोरली बहीण त्याच गावात दिलेली. दोघी लहानपणी करवंदं काढायला डोंगरात जायच्या, चुकायच्या, आणि घाबरायच्या ऐवजी गाणी म्हणत बसायच्या. दोघींचं एकच पांघरूण होतं. धाकटीला अंधाराची भीती, म्हणून थोरली रात्री तिला बाहेर न्यायची. हे सगळं मी पायरीच्या कठड्याला डोकं टेकून, डोळे मिटून ऐकायचे.

त्या थोरल्या मावशींचं आणि सासूबाईंचं बिनसलं होतं, हे मला लग्नातच कळलं होतं. कशावरून, ते कुणी सांगत नव्हतं. ते मला पायरीवर कळलं.

"तिच्या पोराचं लगीन व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "हळदीची रात. समदी बाया जागणार, गाणी म्हणणार, मंग पडवीत ओळीनं निजणार. मी दिवस बुडायच्या आत एसटी धरून परत आले."

"का?"

"का म्हणजे?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पडवीत पन्नास माणूस निजलेलं. दाराला हा एवढा अडसर. रातीत धा वेळा अडसर काढू? लोकांच्या अंगावर पाय देत जाऊ?"

मावशींना हे कारण कधीच कळलं नव्हतं. त्या भरल्या मांडवात म्हणाल्या होत्या, की शहरातल्या बाईला आता आमची जमीन टोचते. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि एसटीत बसून आल्या. पुढेही प्रत्येक वेळी तेच. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मावशीही अंबरनाथला कधी राहिल्या नाहीत. गुरं आहेत, कोंबड्या आहेत, करत संध्याकाळी निघून जायच्या. सासूबाईंना वाटे, उट्टं काढतेय. शेवटी जाणं-येणंच थांबलं.

"आता ती थकली," सासूबाई म्हणाल्या. "मीबी थकले. एक रात, गो. तिच्या बाजूला एक रात निजायचं. बाकी मना काय नको."

त्या रडल्या नाहीत. पदरानं कंदिलाची काच पुसायला लागल्या. मला मात्र भडभडून आलं, आणि रागही आला. एवढीशी गोष्ट, जी प्रत्येक घरात प्रत्येक म्हातारीला होते, तिच्यापायी दोन बहिणी तुटतात म्हणजे काय? सकाळी उठून मी नवऱ्याला सांगितलं, मी आईंना डॉक्टरकडे नेणार आहे. कसली डॉक्टर, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बायकांची. तो लगेच पेपर वाचायला लागला.

माझ्या माहेरच्या गल्लीत एक सिंधी डॉक्टरीण होती. वय झालेलं, पांढरे केस, आवाज पोलिसासारखा. तिनं लघवी तपासायला पाठवली, साखर तपासली, पोट दाबून पाहिलं. काही निघालं नाही. सासूबाईंच्या पायांवर अंगठा दाबून तिनं पडलेला खड्डा मात्र बराच वेळ पाहिला. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "अम्मा, गोली अभी नहीं दूँगी. पहले आदत बदलेंगे."

सासूबाईंचं तोंड पडलं. एवढ्या लांब येऊन गोळी नाही म्हणजे काय! पण डॉक्टरीण बोलत राहिली. पाणी दिवसा प्यायचं, संध्याकाळनंतर जेवणापुरतं घोटभर. चहा दुपारनंतर बंद. दुपारी पाय उंचावर ठेवून बसायचं, म्हणजे पायात साचलेलं पाणी रात्रीची वाट बघत नाही. दुपारी झोपायचं नाही. डोळे जड झाल्याशिवाय रात्री अंथरुणाला पाठ लावायची नाही, आणि झोप येत नसेल तर तिथं लोळत पडायचं नाही, उठून काहीतरी कंटाळवाणं काम करायचं. सकाळी उठायची वेळ मात्र एकच. शेवटी तिनं टेबलावरचा कापडी बटवा उचलला, त्याची नाडी ओढून तोंड आवळलं, सोडलं, पुन्हा आवळलं. "ऐसे. अंदर से. पेट नहीं, साँस नहीं रोकना. जब भी जल्दी लगे, भागना नहीं. खड़े रहो, नाडी खींचो, छोड़ो, फिर खींचो. वो चली जाती है."

सासूबाई लाजून लाल झाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

आणि मग घोळ झाला. सासूबाईंना आयुष्यात एक विद्या उत्तम येत होती, ती म्हणजे व्रत. सोमवार, चतुर्थी, निर्जळी, सगळं झालेलं. डॉक्टरीण म्हणाली पाणी आवरा, तेव्हा त्यांनी मनात संकल्प सोडला आणि पाणी तोडलंच. सकाळचा चहा आणि जेवणातलं ताक, बस्स. मला पत्ता नाही. चार-सहा दिवसांत लघवीला जळजळ सुरू झाली, डोकं गरगरायला लागलं, आणि रात्रीच्या फेऱ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्यांदा त्रास होतोच. देव परीक्षा बघतो."

मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा पाणी तोडल्याचं बाहेर आलं, आणि डॉक्टरीण अशी भडकली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "अम्मा! मैंने उपवास बोला था? दिन में पियो, दिन में! भगवान को बीच में मत लाओ!"

पण देवाला मध्ये आणल्याशिवाय सासूबाईंचं काही चालणारच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, हा नेमच समजा. पण नेमाचे नियम त्यांचे. दिवसा पाणी प्यायचं, हासुद्धा नियमच. मोडलात तर नेम मोडला." त्यांनी थोडा विचार केला. मग देवापुढे सुपारी ठेवली.

घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे सगळा नेम कारखान्याच्या भोंग्यांवर बांधला. सकाळचा भोंगा झाला की उठायचं, झोप झालेली असो वा नसो, आणि तांब्याभर पाणी. पुढे दुपारच्या भोंग्यापर्यंत घोटघोट. दिवसा सारखं-सारखं जायची सवयही मोडायची होती, म्हणून एका भोंग्यापासून पुढचा अंदाज धरून थोडं थोडं लांबवायचं. संध्याकाळचा भोंगा वाजला की माठावर झाकण. पाहुणे बसलेले असोत, चहा उकळत असो, भोंगा झाला की सासूबाई कप पालथा घालायच्या. "माझा नेम हाय," म्हणायच्या. कसला नेम ते सांगायच्या नाहीत, आणि असं विचारायचं नसतं हे चाळीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

दुपारी त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसायच्या आणि पाय धान्याच्या डब्यावर ठेवायच्या. हातात जपमाळ. एक मणी, एकदा नाडी ओढायची. पुढचा मणी, सोडायची. शेजारच्या काकू दारातून जाताना हात जोडून जायला लागल्या. शिवमंदिरातसुद्धा सासूबाई माळ घेऊन बसायच्या. त्या काळ्या दगडांच्या गारव्यात डोळे मिटून बसलेल्या त्यांच्याकडे बघून एका अनोळखी बाईनं पोराला म्हटलं, पाया पड आजीच्या. सासूबाईंनी डोळे न उघडता आशीर्वाद दिला. घरी येईपर्यंत आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसत होतो. सासूबरोबर मी तशी पहिल्यांदाच हसले.

रात्री झोप येईना की त्या उठायच्या आणि झिरोच्या बल्बखाली सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. तांदळात खडे नसायचेच. नवरा रात्रपाळीहून यायचा तेव्हा निवडलेला तांदूळ पुन्हा निवडलेला असायचा. सुपाचा तो सरसर आवाज माझ्या झोपेत शिरायचा आणि मला स्वप्नात वाटायचं, की कुणीतरी समुद्राची वाळू चाळतंय. मग केव्हातरी आवाज थांबायचा. सासूबाई सूप भिंतीला लावून आडव्या झालेल्या असायच्या.

फरक पडला, पण औषधाच्या जाहिरातीत असतो तसा एका झटक्यात नाही. पहिले काही आठवडे काहीच नाही. मग एका रात्री त्या अंगठा धरायला आल्या आणि पुढे हलल्याच नाहीत. "थांब," म्हणाल्या. दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. मी उशीवर कोपर टेकून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी कडी सोडली, माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं आणि म्हणाल्या, "गेली गो." आणि जाऊन निजल्या. पुढे मागे-पुढे होत राहिलं. लग्नकार्यात नेम मोडला की तीच गत. पण थंडी आली तोवर रात्रीची एखादीच फेरी उरली होती, आणि काही रात्री तर तीही नाही.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. ज्या झोपेसाठी मी एवढी धडपडले ती मला परत मिळाली होती, आणि पायरी सुटली होती. करवंदांच्या डोंगरात पुढे काय झालं, ते अर्धवटच राहिलं. दिवसा विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "काय नाय, आलो घरी."

शेतातली कामं सरल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला. "नेमाचं उद्यापन करायचं," म्हणाल्या. मी विचारलं, जेवायला किती जण? "जेवण नाय. बहिणीकडं जायचं. राहायला. तू चल, मना धीर यील." पिशवीत एक साडी, माळ आणि बहिणीसाठी चिकणी सुपारी घेतली. बदलापूरला उतरून एसटी धरली, आणि पुढे पाड्यापर्यंत बांधाबांधानं चालत गेलो.

मावशी सासूबाईंपेक्षा उंच आणि पार वाळलेल्या. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला. संध्याकाळ व्हायला लागली तशा उठून म्हणाल्या, "एसटीची येळ झाली तुजी."

"आज राहणार हाय," सासूबाई म्हणाल्या.

मावशी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या दोन घोंगड्या घेऊन. पडवीत तीन अंथरुणं पडली, दोघी बहिणींची लागून आणि माझं जरा पलीकडे. त्या पाड्यात भोंगा नव्हता. सासूबाईंनी पाखरं झाडावर परतलेली बघितली आणि पाण्याचा पेला पालथा घातला. निजताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघू." तो एवढासा शब्द मला अजून ऐकू येतो.

मला जाग आली ती पायाच्या अंगठ्याला कुणी धरलं नाही म्हणून. खरंच तसंच वाटलं. पडवीभर चांदणं आलं होतं. अडसर काढलेला, दार उघडं, आणि सासूबाईंचं अंथरूण रिकामं. सगळं फुकट गेलं, असं वाटलं. नेमकी आजच! मी घोंगडी गुंडाळून बाहेर धावले.

खळ्यावर पेंढ्याच्या उडवीपाशी सासूबाई कंदील घेऊन उभ्या होत्या, पाठ उडवीकडे, तोंड डोंगराकडे. मी जवळ जाऊन त्यांचा दंड धरला. "आई, लागली का? असू दे. एका रात्रीचं काय एवढं. पुन्हा येऊ."

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. डोळे भरलेले होते. "मना नाय गो," म्हणाल्या. "तिला. ही तिसरी बारी हाय. एकटी जात व्हती अंधारात. तिला सोबत नको?"

उडवीमागून मावशी निऱ्या सावरत आल्या. मला बघून थबकल्या, लाजल्या, मग एकदम चिडून बहिणीला म्हणाल्या, "आता कळलं, मी तुज्याकडं का नाय राहिले कवा? चाळीत बिऱ्हाडं किती! कोणाकोणाला उठवू?"

सासूबाईंनी कंदील खाली ठेवला. "आणि मी का पळत व्हते, असं तुना वाटतं?"

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. दोघी खळ्यावर बसल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि हसत हसत रडल्या. गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. इतकी वर्षं, देवा, इतकी वर्षं! मला त्या दोघींचा राग आला आणि त्यांच्यावर इतकी माया आली की काय करावं कळेना.

थोड्या वेळानं सासूबाईंनी कनवटीचा बटवा काढला आणि बहिणीपुढे धरला. "हे बघ. नाडी अशी ओढायची. पोटानं नाय. उभं राह्यचं, पळायचं नाय." मग माझी आठवण झाली. "तू जा, नीज. गारठा हाय. आता तुजी सोबत नको."

मी आत जाऊन पडले. चांदणं सरकून माझ्या उशीवर आलं होतं. बाहेर दोन म्हाताऱ्यांची कुजबुज चाललेली, करवंदांच्या डोंगरातलं काहीतरी, मधूनच गाण्याची एखादी ओळ. मी या कुशीवरून त्या कुशीवर झाले. जन्माची झोपाळू मी, पण काही केल्या मला झोप येईना. झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत पडायचं नाही, हा नेम मला पाठ होता. मी घोंगडी घेतली आणि त्यांच्याजवळ खळ्यावर जाऊन बसले.